माय समुद्रावर जाऊन आली

आमच्याकडं पाणी उतरलं की उतरलं. विहीर असो की पाझर तलाव, दिवाळी सरली की पाणी खाली जायला लागतं आणि परत वर येतं ते थेट पुढच्या पावसाळ्यात, तेही त्याची मर्जी असली तर. चाकूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाल्यावर त्याच हिवाळ्यात एका सकाळी समुद्र लांबवर मागं सरकलेला पाहिला, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, गेला. आता खुशाल हिंडावं.

हसू नका. भरती-ओहोटी मला ठाऊक नव्हती असं नाही. फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी काढून मीच पोरांना शिकवत होते, आणि आकृती चुकली की मार्क कापत होते. पण फळ्यावरचं डोक्यात असतं आणि पाण्याची सवय अंगात असते. त्या सकाळी अंगच जिंकलं.

माझ्यासोबत अर्धापूरच्या मॅडम होत्या. त्या माझ्याच शाळेवर, माझ्यासारख्याच मराठवाड्यातून फेकल्या गेलेल्या. त्यांच्या घरी केळीची बाग, त्यामुळं कोकणातल्या केळीच्या घडाकडं बघून त्या रोज नाक मुरडायच्या. ‘ह्याला केळी म्हणत्यात का मॅडम? ही तर मिरची हाय.’ आम्ही एकाच घरात भाड्यानं राहायचो, एकाच चुलीवरचं खायचो, तरी एकमेकींना मॅडमच म्हणायचो. नोकरीची सवय, दुसरं काय.

तर समुद्र मागं गेला आणि किनाऱ्यापासून चांगला लांब काळ्या खडकांचा एक सपाट पट्टा उघडा पडला. तिथले लोक त्याला खडप म्हणतात. रविवार होता. आम्ही डब्यात भाकरी, ठेचा, शेंगादाण्याची चटणी घेतली, चपला हातात धरल्या आणि ओल्या वाळूवरून चालत खडपावर गेलो. काय मजा होती तिथं! खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यात बोटाएवढे मासे, दगडाला चिकटलेली शिंपली, हात लावला की अंग आक्रसून घेणारी फुलं, जी फुलं नसतात. आम्ही दोघी चाळिशीकडं झुकलेल्या बाया परकरातल्या पोरींसारख्या या खळग्यावरून त्या खळग्यावर उड्या मारत होतो. मग उन्हात बसून निवांत जेवलो. मॅडमनं तर डोक्याखाली पर्स घेऊन डुलकी काढली, माझाही डोळा लागला.

मला जाग आली म्हणा की शुद्ध आली म्हणा, ती मॅडमच्या ओरडण्यानं. ‘मॅडम, पाणी!’

पाणी समोरून आलंच नव्हतं. ते मागून आलं होतं. आम्ही ज्या वाळूवरून चालत आलो ती वाळूच नव्हती, तिथं आता समुद्र होता. पोहायला दोघींनाही येत नव्हतं. मॅडमनं जेवणाचा डबा डोक्यावर ठेवला, मी दोघींच्या चपला गळ्यात अडकवल्या, एकमेकींचा हात धरला आणि शिरलो पाण्यात. आधी गुडघा, मग कंबर, मग छाती. एक लाट आली की मॅडम म्हणायच्या, ‘आई तुळजाभवानी’, आणि मी म्हणायचे, ‘डबा सोडा की तो!’ पण त्यांनी डबा सोडला नाही. किनाऱ्यावर माणसं जमली होती. आम्ही बाहेर निघालो तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘घाटावरच्या बायका दिसतात.’ एवढ्यावरून सगळ्यांना सगळं कळलं.

घरी येऊन अंग पुसतेय तोवर मायचा फोन. त्या दिवशी पौर्णिमा होती. माय दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जायची, तिथून आली की वहिनीच्या मोबाईलवरून मला फोन लावायची. जन्म सगळा खुरपणी-कापणीत गेला, अक्षर ओळख नाही, पण पौर्णिमा कधी चुकली नाही तिची.

‘जयभीम. काय करून राहिली?’

‘माय, बुडता बुडता वाचले.’

‘आगं बया! कशात?’

‘समुद्रात.’

‘मग निघाली का बाहीर?’

‘निघाले म्हणून तर बोलून राहिले ना!’

मी सगळं सांगितलं. तिकडून आधी काळजीचे हुंकार, आणि डबा डोक्यावर घेतला हे ऐकल्यावर माय जी हसायला लागली ती थांबेचना. ‘भाकर न्हाई सोडली बाईनं! सांग, सांग परत, डब्याचं सांग.’ तीनदा सांगायला लावलं तिनं. माझ्या भावाच्या लग्नानंतर, आमचे वडील नाना गेल्यानंतर, मायला इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं.

मग तो नेमच पडला. पौर्णिमेला समुद्र सगळ्यात जास्त मागं जातो आणि पौर्णिमेलाच मायचा फोन येतो. त्यामुळं मी आणि मॅडम काही ना काही करून ठेवायचो, सांगायला पाहिजे म्हणून. सकाळी शाळा असली तर संध्याकाळच्या ओहोटीला जायचो. खाडीच्या चिखलात उतरून पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपायला शिकलो. तिसऱ्या म्हणजे लहान शिंपले, आत बोटाच्या पेराएवढं मांस. मायचा प्रश्न एकच, ‘एवढ्याशात मटण किती निघतंय?’ मी म्हणलं, दोघींची एक वाटी. ‘मग एवढा चिखल कशाला तुडवायचा? त्यापरीस कोंबडी आणा की!’ पण पुढच्या वेळी तीच विचारायची, ‘गेल्ता का चिखलात?’

आणि पोहणं. आमच्या गावात पोरं विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. माझा भाऊ तसाच शिकला. पोरींना कोण शिकवतंय! हे मी मायला बोलले तर ती म्हणाली, ‘मग आता बांध की डबा. कोण अडवून राहिलंय तुला?’ खरंच कोण होतं अडवायला? लग्न केलं नाही, नवरा नाही, सासू नाही. मग काय, आम्ही दोघींनी तेलाचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून ओढणीनं पाठीला बांधले आणि खाडीच्या तोंडाशी, जिथं पाणी शांत असतं तिथं, पंजाबी ड्रेसवर उतरलो. समुद्राकाठी जन्मलेली माणसं काठावर उभी राहून तोंडात बोट घालून बघत होती. त्यांच्यात असं कुणी कधी केलं नव्हतं. बघू द्या! महिन्याभरात मी उताणी होऊन पाण्यावर पडायला शिकले. कान पाण्याखाली, तोंड आभाळाकडं, आणि मधे कुणी नाही. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हे मायला कसं सांगावं कळेना. मी म्हणलं, ‘माय, वजनच राहत न्हाई गं आपल्याला.’ ती म्हणाली, ‘बाई, मला बी पडायचंय तसं.’

ये म्हणलं. दर उन्हाळ्यात म्हणलं. मायला एसटी लागायची. लातूरपर्यंत गेली तरी ओकून हैराण व्हायची, ती कोकणात कशी येणार? शिवाय शेळ्या. शेळ्या कोण बघल, हे तिचं शेवटचं उत्तर. व्हिडिओ कॉलवर दाखवायचा प्रयत्न केला तर म्हणाली, ‘त्यात नुसतं तुझं नाक दिसतंय. तू आपलं तोंडानं सांग.’

त्यात आमची बदलीची वाट बघणं चालूच होतं. मराठवाड्यातून कोकणात गेलेला मास्तर असो की मास्तरीण, बॅग कधी पूर्ण उघडत नाही. दर वर्षी अर्ज भरायचा, दर वर्षी जागा नाही असं उत्तर यायचं. आधी मलाही घाई होती ती सगळ्यांना असते तेवढीच. खरी घाई लागली ती भावाचा फोन आल्यापासून.

भाऊ म्हणाला, ‘ताई, माय इसरून राहिली. चूल पेटवती आन निघून जाती. काल वावरातून घराची वाट सापडंना तिला.’ लातूरच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी सांगितलं, हे वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर हळू होईल. माणसं ओळखायची हळूहळू बंद होतील, आधी लांबची, मग जवळची.

लांबची. मी फोन ठेवला आणि अंगणात बसून राहिले. माझ्याएवढं लांब मायचं दुसरं कोण होतं? त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. माय मला ओळखतेय तोवर तिच्यापाशी जायचं. बाकी काही नको.

सुट्टी घेऊन गेले. दिवाळीला गेले, उन्हाळ्यात गेले. प्रत्येक वेळी निघताना माय विचारायची, ‘बदलीचं काय झालं गं?’ सगळं विसरत चालली होती, पण बदली विसरली नाही. मी म्हणायचे, होईल माय, या वर्षी होईल.

मग एका पौर्णिमेला फोन मायचा नाही, वहिनीचा आला. ती हसतच होती. ‘ताई, आज विहारात लई मजा झाली. आत्यांनी समद्या बायांना सांगितलं, मी लेकीकडं समुद्रावर गेल्ते म्हणून. पाणी चढलं म्हणं, तर डबा डोक्यावर घेऊन निघाल्या!’ बायांना माहीत होतं की माय चाकूरच्या पलीकडं फारशी गेली नाही. पण त्या चांगल्या बाया. हाव, हाव म्हणत ऐकून घेतलं म्हणे.

मीही हसले. मग मायला फोनवर घेतलं आणि म्हणलं, ‘माय, समुद्रावर गेल्ती म्हणं तू?’

‘मंग! तू बी होती की. रडत होती. म्या म्हणलं, पदर धर माझा, सोडू नको.’

खरं सांगू, मला बरंच वाटलं. तिला कधी आणता आलं नाही ते तिचं तिनंच करून घेतलं होतं. पुढच्या पौर्णिमेला तिनं मला पाण्यावर उताणं कसं पडायचं ते शिकवलं. पाठीला डबा बांधायला विसरू नको म्हणाली.

पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. त्या गोष्टीत माय मोठी होत होती आणि मी लहान. आधी मी पदर धरून चालत होते. मग माय मला कडेवर घेऊन निघाली. मग तिच्यासोबत कोण होतं हे तिला आठवेना, ‘होती कोणतरी एक मास्तरीण’ म्हणाली. साध्या गोष्टी बोलले तर ती नुसती हं हं करायची, कोण बोलून राहिलंय म्हणून वहिनीला विचारायची. समुद्राचं नाव काढलं की आवाजात जीव यायचा. म्हणून मी समुद्राचंच बोलायचे. आणि जितकं सांगावं तितकं ते तिचं होत होतं आणि मी त्यातून निघत होते. थांबावं तर ती गप्प होते, सांगावं तर मी पुसली जाते. करायचं काय माणसानं?

त्याच वर्षी बदलीची ऑर्डर निघाली. मॅडमना अर्धापूर तालुका मिळाला आणि मला चाकूर. चाकूर! घरापासून हाकेच्या अंतरावरची शाळा. आम्ही दोघी घरात नाचलो. मॅडम आठ दिवसांत मोकळ्या झाल्या, मागं शाळा सांभाळायला मी होते म्हणून. एसटीत बसताना त्या रडल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, आता विष्णुपुरीच्या धरणावर जाऊन बसू. पण ते पाणी काय येत-जात न्हाई.’

माझ्या मागं मात्र कुणी नव्हतं.

ऑर्डर हातात असून उपयोग नसतो. कार्यमुक्त करावं लागतं, म्हणजे शाळेनं तुम्हाला सोडलं असं वरून कळवावं लागतं. मॅडम गेल्यावर शाळेवर मी एकटी. तालुक्याच्या कार्यालयात गेले तर साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमचं अगदी बरोबर आहे. पण तुमच्या जागी माणूस आल्याशिवाय सोडता येत नाही. शाळा शून्यशिक्षकी होईल.’

मी म्हणलं, ‘साहेब, तिकडं माझी माय शून्य होऊन राहिलीय. तिचं काय करू?’

त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, त्यामुळं धड भांडताही आलं नाही. त्यांनी वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर विचारलं. मी दर आठवड्याला जात राहिले. कधी ओरडले, कधी हात जोडले, एकदा तर खुर्चीत बसून नुसती रडले. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ यापलीकडं कुणाच्या हातात काही नव्हतं. पोरांचा तरी काय दोष? सकाळी ती मळकी दप्तरं घेऊन माझ्या आधी शाळेत हजर असायची. त्यांना सोडून पळून जाववत नव्हतं, आणि गेले असते तर नोकरी गेली असती. ती गेली तर मायच्या गोळ्या कुठून आल्या असत्या? सगळीकडून हात बांधलेले.

समुद्र तेवढा रोज जात-येत होता. पौर्णिमेच्या ओहोटीला मी एकटीच जायचे. खडप उघडं पडायचं, पण चढायला जीव व्हायचा नाही. ज्या समुद्रानं मला इतकं दिलं त्याचा मला राग यायला लागला. मी मायपाशी पोचायच्या आधी तो पोचला होता.

शेवटी माणूस आला. लातूरकडचाच एक पोरगेला मास्तर, नवीन लागलेला. त्याला किल्ल्या दिल्या, पोरांची नावं सांगितली, आणि ओहोटीच्या वेळा कुठं लिहिलेल्या असतात ते दाखवलं. त्याच दिवशीची एसटी धरली. वाटेत घाट चढताना मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

चाकूरच्या स्टँडवर भाऊ गाडी घेऊन आला होता. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, ‘ताई, लई आस धरू नको.’ मी म्हणलं, गाडी चालव तू.

माय अंगणात उन्हाला बसली होती. वाळली होती, पण वहिनीनं केस नीट विंचरले होते, लुगडं स्वच्छ होतं. मी समोर जाऊन बसले. तिनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि हात जोडले.

‘जयभीम ताई. कुठून आला तुम्ही?’

भावानं तोंड फिरवलं. मी म्हणलं, ‘जयभीम. कोकणातून आले.’

‘व्हय?’ तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘म्या बी होते की तिथं. समुद्र पाहिला का तुम्ही? सकाळी असतो आन मग जातो. पण जातो म्हणून फसायचं न्हाई, परत येतो तो.’ आणि तिनं मला सगळं सांगितलं. चिखल, शिंपले, पाण्यावर उताणं पडणं. मी हाव, हाव म्हणत ऐकत होते, विहारातल्या बायांसारखी. माझंच होतं सगळं, पण तिच्या तोंडून ऐकताना खरंच तिचंच वाटत होतं.

बोलता बोलता ती थांबली. इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, ‘ही माणसं लई चांगली हायती. जेवू घालत्यात, अंघूळ घालत्यात. पण माझी लेक तिथंच राहिली ना, ताई. एकटीच हाय ती. म्या तिला सोडून आले.’

मी तिचा हात धरला. ‘माय, मी आलेय,’ म्हणाले. तिनं नुसती मान हलवली, पाहुण्याच्या बोलण्याला हलवावी तशी. मग माझ्या खांद्यावरच्या पर्सकडं, चष्म्याकडं, घड्याळाकडं बघितलं.

‘तुम्ही शिकल्या-सवरल्या दिसता,’ ती म्हणाली. ‘तुमची वळख आसंल कुठं. तिच्या बदलीचं तेवढं बघा की जरा.’

मी म्हणलं, ‘हाव. बघते.’